बंद जोडवी

पंचेचाळिशी ओलांडल्यावर मी सोनारकामाला बसले. आमच्या ह्यांचे हात कापायला लागले होते. हातोडी भलतीकडेच पडायची. सोनपेठच्या बाजारात दुकान होतं, पण चांदी घडवणारा हात उरला नव्हता. मी म्हटलं, मी बसते. धाकटे दीर हसले. "वैनी, भट्टी म्हंजी काय चूल हाय व्हय?" मी दुसऱ्या दिवशी सरळ ह्यांच्या जागेवर जाऊन बसले. लग्न झाल्यापासून शेजारी बसून बघतच आले होते, आता बघणं पुरे झालं होतं.

ह्यांनी मात्र बजावलं, "पहिलाच दागिना परत आला, तर उठायचं." बोटं पोळली, चांदी नको तिथं वाहिली, पण मी चिकाटीनं शिकले.

पहिलं गिऱ्हाईक आलं ते मेंढ्या राखणारी, माझ्याच वयाची बाई. तिला जोडवी हवी होती. विद्यापीठाच्या नामांतरावरून तेव्हा वातावरण तापलेलं, बाजार लवकर उठायचा. म्हणून तिनं सकाळीच बोटाला दोरा गुंडाळून माप दिलं. जोडवी खालून उघडी ठेवायची रीत. पण ती टोकं लुगड्यात अडकतात, पुरुषांना त्याचं काय! मी शहाणपणा करून ती सांधून बंद केली आणि स्वतःवरच खूश झाले.

पुढच्या बाजारी ती लंगडत आली. दिवसभर मेंढ्यांमागं चालून पाय सुजायचे आणि बंद जोडवी बोटांत रुतायची. बोटं लालभडक झाली होती. हे आलेच. "ऊठ तू. बाई, काढून द्या, मी बघतो."

"काढून कशी दिऊ, सोनारदादा? मालक जिता हाय माजा."

नवरा असताना बोट मोकळं ठेवायचं नसतं, हे मला कुणी सांगायला नको होतं. मी जागा सोडली नाही. तिच्याच पिशवीतली हळद दोऱ्याला लावून बोट मोकळं पडू नये म्हणून तो जोडव्याशेजारी बांधला आणि तिचा पाय मांडीवर घेतला. आमच्या दुकानात बाईचा पाय कुणी कधी हातात धरला नव्हता, सगळं दोऱ्याच्या मापावर भागायचं. जोडव्याखाली पत्र्याची पातळ पट्टी सरकवून मी कानशीनं सांधा घासू लागले. भीती वाटत होती, खोटं कशाला सांगू? तिनं डोळे मिटले, पण पाय ओढला नाही. सांधा सुटला. जोडवं काढून सैल केलं, कडा गुळगुळीत केल्या, परत घातलं.

"दुसऱ्या पायाचं मी करतो," हे म्हणाले आणि कापता हात पुढं केला.

"ऱ्हाऊ द्या, दादा. चुकली तीच, तिलाच करू द्या. कुठं दुखायलंय, ते आता तिला ठावं हाय."

असं म्हणून तिनं दुसरा पाय आपणहून माझ्या मांडीवर ठेवला. हे मागं सरकले. त्यानंतर मला ऊठ म्हणायची कुणाची छाती झाली नाही.