बांगड्यांचे मापारी

मापारी बसलेले मी फारसे पाहिले नाहीत. घरी आले तर चहा उंबऱ्यात उभ्यानेच प्यायचे आणि कप खाली ठेवायच्या आधी अर्धे अंगणात पोहोचलेले असायचे. खुर्ची पुढे केली की म्हणायचे, "नको मास्तर. बसलो की वाटतं, तिकडे रापण ओढून झाली." वय पस्तिशीचं, अंग काटकुळं, नजर सारखी समुद्राकडे. समुद्रात बांगडा वाढतो आहे की खंगतो आहे, याचा अंदाज काढायला केंद्राच्या मत्स्यखात्याने त्यांना मालवणात पाठवलं होतं. हजेरीपटावर त्यांचं नाव वेगळंच होतं. पण धान्य मोजतो तो मापारी, तसे हे बांगडे मोजणारे. गावाने दुसऱ्याच दिवशी नाव ठेवलं आणि तेच राहिलं.

ही साठ सालच्या आगेमागेची गोष्ट. मी हायस्कुलात शास्त्र शिकवत होतो. गावात सूक्ष्मदर्शक एकच, तो आमच्या शाळेच्या कपाटात, कुलपात. तो मागायला मापारी आले, तीच आमची ओळख.

त्यांचं काम वाळूवर चालायचं. रापण म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं प्रचंड जाळं. दोन्ही दोरांना वीस-वीस माणसं लागायची. जाळं वर आलं की बायका टोपल्या घेऊन धावायच्या आणि त्या गर्दीत मापारी ढिगात हात घालून हाताला लागेल तो बांगडा उचलायचे. "निवडला की फसलो," ते म्हणत. लाकडी फळीवर पट्टी ठोकलेली असे. तोंडापासून शेपटीच्या खाचेपर्यंत मासा मोजायचा, आकडा मोठ्याने म्हणून वहीत लिहायचा, मग पोट फाडून आत गाबोळी, म्हणजे अंडी, धरली आहे का ते पाहायचं. एकदा एका बाईने विचारलं, "मापारीनू, माशाचा माप कित्याक घेतास? आंगडा शिवतलात काय तेका?" सगळा किनारा हसला. मापारीही हसले, पण हात थांबला नाही.

एका रविवारी मी त्यांना जेवायला बोलावलं. ते मूळचे आरोंद्याचे, खाडीकाठचे, तेव्हा मासळीची आवड होतीच. बायकोने बांगड्याचं तिखलं केलं होतं. मापाऱ्यांनी ताटातला तुकडा बोटाने उलटापालटा केला, मग स्वयंपाकघराकडे बघून विचारलं, "वहिनी, ह्येच्या पोटात गाबोळी होती?" बायको पळी घेऊन बाहेर आली. "भावोजी, आदी जेवा, मगे मोजा!" ते ओशाळले, भराभर जेवले आणि निघताना तिने बाजूला काढलेली शेपटं कागदात बांधून घेऊन गेले.

त्यांच्या तिसऱ्या हंगामात जाळी फाटायची वेळ आली, इतका बांगडा पडला. गावात आनंदीआनंद, आणि मापारी मात्र सैरभैर. शाळेच्या मधल्या सुट्टीत येऊन व्हरांड्यात येरझारा घालायचे. नाताळ जवळ आला तरी सगळा मासा एकाच मापाचा, वीतभरही नाही आणि गाबोळीचा पत्ता नाही. मी म्हटलं, "मासा भरपूर आहे ना, मग झालं." ते गरकन वळले. "मास्तर, जत्रेक गेलास आणि सगळी शाळेतली पोरांच दिसली, एक म्हातारो नाय, एक लेकुरवाळी नाय, तर तुमी घाबरतलास काय नाय?"

त्याच सुमारास बाबी तांडेल त्यांच्याकडे आला. रापणीचा तो प्रमुख. दोर कधी सोडायचा, कधी ओढायचा, त्याच्या शब्दावर चाळीस घरं चालायची. त्या घरांनी मिळून बारीक डोळ्यांचं, लहान मासाही सुटणार नाही असं नवं जाळं विणून तयार ठेवलं होतं. ते पाण्यात घालावं का, एवढंच त्याला विचारायचं होतं. मापाऱ्यांनी वह्या चाळल्या आणि कचेरीत बोलावं तशा मराठीत सांगितलं, "यंदा आणि पुढचं वर्ष घालू नये. लहान मासा सुटला पाहिजे. तो वाढून परत येईल." बाबीने मान डोलावली. जाळं मांगरात, किनाऱ्यावरच्या खोपटात, टांगून ठेवलं.

पुढच्या हंगामात बांगडा आलाच नाही. टेकाडावरचा माणूस पाण्याचा रंग बघून हाक मारायचा, त्या हाकेची वाट बघत लोक दोर उशाशी घेऊन वाळूवर पडून राहायचे. शेजारच्या गावाने बारीक जाळं घातलं आणि त्यांना निदान आमटीपुरतं मिळालं. आमच्याकडे तेही नाही. बाबीचा थोरला मुलगा बोटीने मुंबईला गेला, गिरणीत लागायला. मापारी रोज फळी घेऊन किनाऱ्यावर यायचे आणि इकडून तिकडे चालत राहायचे. कुणी तरी ओरडलं, "रिकाम्या जाळ्याक काय मोजतलात?"

शेवटी एका सकाळी बाबीने सगळ्यांसमोर विचारलं, "सायबानू, एकच सांगा. दर्यात बांगडो आसा काय नाय?"

मी तिथेच होतो. मापाऱ्यांनी पट्टीवरून अंगठा फिरवला. मग म्हणाले, "माका म्हायत नाय."

ते पुढे बोलत राहिले. चार वर्षांच्या वह्यांवरून दर्या कळत नाही, वीस वर्षं तरी मोजायला हवं. आपण खात्रीने बोललो ती चूक झाली. दोन तरुण अंगावर धावून आले. बाबीने त्यांना हाताने अडवलं.

"माका पण कधी म्हायत नसता," तो म्हणाला. "पण ह्या मी आजपर्यंत कोणाक सांगूक नाय. मी जर असा म्हटलंय, तर होडयेत कोण चढतलो?"

दुसऱ्या दिवशी मांगरातलं बारीक जाळं निघालं. मापाऱ्यांनी विरोध केला नाही; दोराला हात लावून ओढलं. दोन टोपल्या बोटभर बांगडा आला. त्यांनी त्यातला एकूण एक मोजला.

मे महिन्यात त्यांचा अहवाल वरून परत आला. किनाऱ्यावर इंजिनाच्या होड्या आणायच्या होत्या, त्यासाठी वरच्यांना ठाम वाक्य हवं होतं: मासा भरपूर आहे किंवा नाही. यांनी लिहिलं होतं, "आज सांगता येत नाही." तीनदा परत आला, तीनदा तेच लिहिलं. चौथ्यांदा अहवालाऐवजी बदलीचा हुकूम आला, पार गुजरातेतल्या कुठल्याशा बंदरावर. निघायच्या दिवशी बाबी एसटीवर आला होता. गाडी सुटली तेव्हा मापारी दांडा धरून उभेच होते, मागे जागा रिकामी असून.

त्या वर्षी नवरात्रानंतर बांगडा आला. ढिगांनी आला, हातभर वाटावा असा, तेलाने चमकणारा. का आला, कुणाला ठाऊक. मी आनंदाने मापाऱ्यांना पत्र टाकलं. आठवड्यात पोस्टकार्ड आलं. त्यात खुशाली नव्हती, आनंद नव्हता. "लांबी किती? किती नग तपासले? गाबोळी कितींना होती? सगळे एका मापाचे की लहानमोठे? ताबडतोब कळवावे."

मी एकही मोजला नव्हता. कार्ड घेऊन धावत किनाऱ्यावर गेलो, तर मासा मिठात गेला होता आणि वाळूवर नुसते कावळे होते. "बघितलं नाही" असं लिहायची लाज वाटली. उत्तर टाकायचं राहूनच गेलं.

पुढच्या हंगामात मी सुताराकडून फळी करून घेतली. बाबीने पहिल्या दिवशी काही न विचारता ढिगाशी मला जागा करून दिली. वर्षभराची मापं स्वच्छ अक्षरात उतरवून मी त्या बंदराच्या पत्त्यावर पाठवली. पाकीट परत आलं. वर लाल शाईत लिहिलं होतं, "या नावाचे कोणी येथे नाही." खात्यात विचारलं, तिथेही कुणाला सांगता आलं नाही.

निवृत्त होईपर्यंत मी मोजत राहिलो. वह्या कपाटात आहेत. वीस वर्षं कधीच उलटली. दर्या मला अजून कळलेला नाही, आणि वह्या मागायला कुणी आलेलं नाही.