कोलंबोवाल्यांशी बरोबरी

सामना सुरू व्हायच्या आधी आमचे उस्ताद रेषेबाहेर उभे राहून शड्डू ठोकत. फुटबॉलच्या सामन्याला! मांडीवरचा तो आवाज मैदानाच्या दुसऱ्या टोकापर्यंत जाई, समोरचा संघ दचकून आमच्याकडे बघे आणि आम्हाला मान वर करवत नसे. खेळ संपला की निकाल काहीही लागलेला असो, उस्ताद पुढे येऊन एकच विचारत, "पाठीला माती लागली नाय ना? मग झालं!"

चार गोल खाऊन आलेल्या माणसाने याला काय उत्तर द्यायचं, तुम्हीच सांगा.

तुम्हीही अशी माणसं पाहिली असतील. ज्यातलं ओ की ठो कळत नाही, नेमकं त्याचंच पुढारपण त्यांना हवं असतं. उस्तादांची पंचवटीत तालीम होती. एकोणीसशे तीसनंतरच्या त्या वर्षांत तिथली माती ओस पडत चालली होती, कारण गल्लीतले सगळे तरुण नदीकाठच्या मोकळ्या जागेत चेंडू लाथाडायला जमू लागले. एक दिवस उस्ताद तिथे आले, धोतर सावरून बसले, आणि उठले ते आमच्या क्लबाचे अध्यक्ष होऊनच. कोणी निवडलं म्हणाल तर त्यांनीच.

फुटबॉलचं त्यांचं ज्ञान अगाध होतं. ऑफसाइडची शिट्टी झाली की ते पंचाला विचारत, "पुढं गेला तर काय पाप केलं त्यानं?" गोलकीपरने चेंडू हातात धरावा याला तर त्यांचा कायमचा आक्षेप होता. सामन्याच्या आधी ते आम्हाला भिजवलेले बदाम आणि पेलाभर नव्हे, तांब्याभर दूध पाजत. पहिल्या अर्ध्या तासात आमच्यातला एक तरी रेषेबाहेर जाऊन ओकत असे. उस्ताद त्याच्या पाठीवरून हात फिरवून म्हणत, "ताकद मावंना झालीय."

मी तेव्हा नाशिक रोडला एका छापखान्यात छपाईच्या अक्षरांचे खिळे जुळवत असे. इंग्रजी मजकुराचंही काम माझ्याकडे यायचं, म्हणून उस्ताद चारचौघांत माझी ओळख "आमचे वकील" अशी करून देत. मी मागे, डाव्या बाजूला खेळायचो. बरा खेळायचो. पण आमच्यात खरा खेळाडू एकच, यासीन. भद्रकालीत त्याचं शिंप्याचं दुकान होतं. दिवसभर शिवणयंत्रावर पाय चालवून संध्याकाळी तेच पाय घेऊन तो मैदानावर यायचा, आणि बूट घातलेल्या गड्यांच्या मधून अनवाणी निघून जायचा.

त्या साली देवळालीच्या छावणीतल्या साहेबांनी मोठी स्पर्धा भरवली. हरला तो घरी, अशी. रंगूनचा एक क्लब आला होता, कोलंबोचा एक, मुंबईचे दोन, बाकी गोऱ्या पलटणी. पहिली फेरी देवळालीत आणि पुढच्या मुंबईत. एक संघ आयत्या वेळी गळाला म्हणून आमची वर्णी लागली. उस्तादांनी मात्र सगळीकडे सांगितलं की आपलं नाव ऐकून बोलावणं आलं.

आम्हा बाकीच्यांना ती मौज होती, पण यासीनला नव्हती. मुंबईच्या एका गिरणीच्या संघाचा माणूस आमचा सराव पाहायला थांबला होता. त्याने यासीनला बाजूला घेऊन सांगितलं, "दुसऱ्या फेरीला मुंबईत ये. आमच्या साहेबांना तुझा खेळ दाखवतो. संघातही घेतील आणि कामावरही." त्या दिवसापासून यासीनच्या तोंडी दुसरा विषय राहिला नाही. त्याची बायको मला म्हणाली, "भाईजान, आजकल झोपेत पण लाथा मारतात."

सोमवारी आमचा कोलंबोवाल्यांशी सामना झाला. त्यांनी पहिल्या अर्ध्यातच गोल केला. मग आम्ही अकरा जण नुसते गोलासमोर उभे राहून मार खात होतो. शेवटची पाच-सात मिनिटं उरली असताना यासीनला चेंडू मिळाला, आणि त्याने तिघांना मागे टाकून तो जाळ्यात घातला. एकास एक. शिट्टी झाली. लोक मैदानात घुसले. समुद्रापलीकडून आलेल्या क्लबाला नाशिकच्या अनवाणी पोरांनी अडवलं होतं.

आता उस्तादांचं डोकं कसं चाललं ते पाहा. कुस्तीत नावाजलेल्या पैलवानाशी गावचा गडी झुंजला आणि वेळ संपेपर्यंत पडला नाही, तर कुस्ती बरोबरीत सुटते. दोघांना फेटे बांधतात आणि विषय संपतो. जत्रेत पुन्हा ती जोड लागत नाही. उस्तादांनी दोन फेटे आणूनच ठेवले होते. एक त्यांनी यासीनला बांधला आणि दुसरा कोलंबोच्या कर्णधाराला. तो उंच काळा माणूस वाकून, हसत हसत बांधून घेत होता. स्पर्धेच्या कारकुनाने उस्तादांच्या हातात एक शिक्क्याचा इंग्रजी कागद दिला. उस्तादांनी तो कपाळाला लावला आणि म्हणाले, "मानपत्र!"

त्यांनी वणीच्या देवीला नवस बोलला होता. बुधवारी सकाळी अकरा जणांची वरात मोटारीने वणीला निघाली. यासीनही आला. तो म्हणाला, "नवस उस्तादांचा आणि चढायचं आम्ही." गुरुवारी आम्ही गड चढलो, नारळ फोडले. वर जोरात वारा होता. यासीन मला मुंबईच्या मैदानाबद्दल विचारत होता, तिथे गवत असतं का, अनवाणी खेळू देतात का.

शुक्रवारी परतलो तेव्हा कळलं. त्या कागदात लिहिलं होतं की सामना गुरुवारी पाच वाजता पुन्हा खेळायचा. कोलंबोवाले वेळेवर मैदानात उतरले. पंधरा मिनिटं वाट पाहून पंचाने त्यांना पुढे चाल दिली. कर्णधार म्हणे फेटा हातात घेऊन आला होता, आणि नाशिकवाले कुठे आहेत म्हणून दोनदा विचारत होता.

यासीन तडक तालमीत गेला. मागोमाग आम्ही. उस्ताद आखाड्याच्या कडेला बसले होते.

"उस्ताद, कागद कोणाकडून वाचून घेतला नाही?"

"बरोबरी झाल्यावर परत लावत्यात हे मला ठाव नव्हतं रे."

"मी कागदाचं विचारतोय."

उस्तादांनी वर पाहिलं. यासीनकडे पाहिलं, माझ्याकडे नाही. मग म्हणाले, "नाय घेतला वाचून. माझी चूक."

"कसली चूक?" यासीन म्हणाला. "पाठीला माती लागली नाय, झालं!" तो जो गेला तो पुन्हा तालमीची पायरी चढला नाही. मैदानावरही आला नाही.

उस्तादांच्या अडाणीपणाच्या गोष्टी मी पुढे वर्षानुवर्षं सांगत आलो. छापखान्यात सांगितल्या, लग्नाच्या पंगतीत सांगितल्या. लोक पोट धरधरून हसत. आत्ता तुम्हालाही त्याच तोऱ्यात सांगितल्या. एक तेवढी सांगितली नाही.

सोमवारी संध्याकाळी उस्ताद तो कागद घेऊन माझ्या घरी आले होते. म्हणाले, "वकील, वाचा बरं." माझ्या गळ्यात हार होता, दारात शेजारीपाजारी जमले होते. कागदावर वर आमच्या क्लबाचं नाव होतं, ते मी मोठ्याने वाचलं. खालच्या चार ओळी मला कळल्या नाहीत. खिळे जुळवायला अक्षर ओळखावं लागतं, अर्थ कळावा लागत नाही. पण सगळ्यांसमोर ते सांगवेना. मी म्हणालो, "मानपत्रच आहे, उस्ताद." ते भरून पावले.

तालमीत त्या दिवशी माझं नाव घ्यायला त्यांना एक शब्द पुरला असता. त्यांनी घेतलं नाही. पुढेही कधी नाही. उलट रस्त्यात भेटले की माझ्या मुलाबाळांची चौकशी करत, आणि बोलणं फुटबॉलकडे वळलं की आपणच दुसरं काही काढत. मला त्यांचा राग यायचा. अजूनही येतो. एकदा तरी चार शिव्या हासडायच्या होत्या त्यांनी.

लढाई सुरू झाली त्याच्या थोडं आधी उस्ताद गेले. जुन्या संघातले नऊ जण जमलो, मी खांदा दिला. अंत्ययात्रा भद्रकालीतून, यासीनच्या दुकानावरून गेली. यासीन दुकानात कापड बेतत होता. त्याने एकदा मान वर केली, तिरडी कोणाची ते पाहिलं, आणि पुन्हा खाली घालून कात्री चालवू लागला. त्याच्यात आणि माझ्यात दहा पावलांचं अंतर असेल. थांबून एक वाक्य बोलायचं होतं, तेवढंच.

मागून कोणीतरी खांदा बदलायला आलं. मी नको म्हणालो, आणि चालत राहिलो.