पंडरीच्या गोदामातलं इंटिग्रेशन

गणितात मी दोनदा आपटले होते. एकदा मुख्य परीक्षेत, एकदा पुरवणीत. तिसऱ्या वेळेआधी बाबांनी कॉलेजातून विषय बदलण्याचा अर्ज आणला, स्वतःची सही करून टाकली आणि तो वीजबिलांच्या फाइलमध्ये ठेवला. बाबा रेल्वेच्या ऑफिसात. कागद तयार असला की त्यांना झोप चांगली लागते.

"या वेळेस पास नाही झाली तर हा भरून देऊ," ते म्हणाले. "काहून जीव जाळून राहिली त्या गणितापायी?"

काहून ते मलाही धड सांगता येत नव्हतं. मला गणित आवडायचं. येत नव्हतं, पण आवडायचं, आणि ही गोष्ट घरात कुणाला पटवून देणं म्हणजे आणखी एक अवघड गणित.

माझ्या वर्गातल्या एका हिंदीभाषी मैत्रिणीच्या वडिलांचं पंडरीच्या कापडबाजारात होलसेल दुकान. दुकानाच्या वरच्या मजल्यावर गोदाम. दुपारी तिथे आम्ही तिघं जमायचो: ती, मी आणि आमच्या कॉलनीतला एक मराठी पोट्टा, ज्याला मराठीत काहीही विचारा, उत्तर हिंदीतच यायचं. एका भिंतीवर काळ्या अस्तराचा एक डागी तुकडा ताणून ठोकलेला होता. तोच आमचा फळा. त्यावर शिंप्याच्या चपट्या खडूने लिहायचं.

नियम एकच, मैत्रिणीने घातलेला. तिघांनाही समजेपर्यंत कापड झटकायचं नाही. आणि ज्याला सगळ्यात शेवटी समजेल त्यानेच झटकायचं.

झटकण्याचं काम अर्थातच माझ्याकडे असायचं. खडूची भुकटी उडायची, झरोक्यातून आलेल्या उन्हात बराच वेळ तरंगत राहायची, आणि कोऱ्या कापडाच्या खळीचा वास तिच्यात मिसळायचा. खालून कापडाचे तागे उलगडल्याचे आवाज यायचे. मी गठ्ठ्याला टेकून ती भुकटी बघत बसायचे. त्या दुपारी कधी संपूच नयेत असं वाटायचं. परीक्षा, सही केलेला अर्ज, सगळं कुठेतरी लांब, दुसऱ्याच कुणाचं असल्यासारखं वाटायचं.

मग ते गणित आलं. ई ची पॉवर एक्स गुणिले साइन एक्स, इंटिग्रेट करा. दोघांचा गुणाकार असला की एकाला पहिलं फंक्शन मानायचं, दुसऱ्याला दुसरं, आणि बाय पार्ट्स लावायचं. इथे ते दोनदा लावावं लागतं. दुसऱ्यांदा लावलं की मूळचंच इंटिग्रेशन उलट्या चिन्हाने परत समोर येतं. त्याला उचलून डावीकडे न्यायचं, तिथे दोन होतात, निम्मं केलं की उत्तर. मैत्रिणीला दहा मिनिटांत जमलं, पोट्ट्याला पंधरा. मी पाऊण तास बघत होते. ती दोघं माझ्यासाठी थांबली होती. पोट्टा नुसता खडू हातात फिरवत राहिला, आणि त्याचीच मला जास्त लाज वाटली.

"हव, समजलं," मी म्हणाले आणि उठून कापड झटकलं.

मैत्रिणीने माझ्याकडे एकदा पाहिलं. मग त्याच कापडावर तेच गणित पुन्हा लिहिलं आणि खडू माझ्या हातात दिला. "तो अब तू कर."

मी केलं. पहिला टप्पा बरोबर आला. दुसऱ्या टप्प्यात मी पहिल्या आणि दुसऱ्या फंक्शनची अदलाबदल केली. मग सगळं एकमेकांत कटलं आणि शेवटी उरलं ते एवढंच: जे काढायचं आहे ते स्वतःशीच समान आहे. चूक नाही, आणि उत्तरही नाही.

"घर से निकली, घर ही वापस आ गई," पोट्टा म्हणाला.

"समझा नहीं था तो झटका क्यों?" मैत्रीण म्हणाली. ती रागावली नव्हती, तिला वाईट वाटलं होतं. मी बॅग उचलली आणि जिना उतरले. रडूही येत होतं आणि दोघांचा रागही. स्वतःचा सोडून सगळ्यांचा.

थेट घरी न जाता मी तेलीबांधा तलावावर गेले. काठाने चालत अर्ध्यावर आले आणि सवयीने मागे फिरायला लागले. तिथेच थांबले. मागे फिरले असते तर आल्या वाटेनेच परत पोचले असते, पदरात काही न पडता. दुसऱ्या टप्प्यात मी हेच केलं होतं! पहिल्यांदा ज्याला पहिलं मानलं त्याच क्रमाने पुढे जात राहायला हवं होतं. मी पुढे चालत राहिले. पाण्यावर ऊन हलत होतं, आणि मला कशाचीच घाई नव्हती. पूर्ण फेरी मारून आले तेव्हा गणित डोक्यात सुटलेलं होतं.

दुसऱ्या दिवशी माझं अर्धवट गणित कापडावर तसंच होतं. दोघांनी ते झटकलं नव्हतं. मी त्याच्या खाली नवीन लिहिलं, शेवटच्या ओळीपर्यंत, आणि मग झटकलं.

परीक्षेत ते आलं नाही, त्याचं भावंड आलं. निकाल मोबाइलवर बघितला. पास. काठावर नाही, चांगली पास.

बाबांनी फाइल काढली. मला वाटलं, अर्ज फाडतील. त्यांनी तो पालथा करून माझ्यासमोर ठेवला.

"येच्यावर दाखव. मले समजू दे, काय होतं एवढं त्याच्यात."

मी लिहीत गेले, बोलत गेले. रेल्वेची कागदपत्रं वाचतात तसं ते एकेक ओळ बोटाने वाचत होते. शेवटची ओळ लिहून मी विचारलं, "समजलं, बाबा?"

मला दोन वर्षं जे म्हणता आलं नव्हतं ते त्यांनी चष्मा पुसता पुसता म्हटलं.

"नाही समजलं. पुन्हा सांग."