नव्या पेठेची साखळी

दुधनीच्या स्टेशनावर माझ्या वडिलांनी, अप्पांनी, माझा हात आपल्या उपरण्याखाली घेतला आणि पाचही बोटे एकदम दाबली. आमच्या बाजारात याचा अर्थ, सौदा पक्का झाला, आता पुढे बोलणे नाही. गाडी आली तेव्हा "होगप्पा," म्हणजे जा बाबा, एवढेच ते मला कानडीत म्हणाले. मग जवळच्या हमालाकडे वळून म्हणाले, "पोरगं हुशार हाय. पर हात लई तापतो त्याचा. हितं ठेवून भागायचं न्हाय."

भुसार बाजारात भाव तोंडाने सांगत नाहीत. घेणारा आणि विकणारा कापडाखाली हात घालतात, बोटे दाबून भाव सांगतात, आणि शेजारी उभ्या माणसालाही पत्ता लागत नाही. एका व्यापाऱ्याने माझ्या हातात दाबलेला भाव मी रागाने साऱ्या बाजारात ओरडून सांगितला होता. तो लबाडी करत होता, हे मी आजही म्हणेन. पण त्या दिवसापासून आमच्या अडतीत कोणी हात पुढे करेना. मग अडत माझ्या थोरल्या भावाकडे, मल्लूअण्णाकडे राहिली आणि मला सोलापूरचे तिकीट मिळाले. तुम्ही दुधनीत राहिलेल्यांनी ही हकीकत अप्पांच्या तोंडून ऐकली. माझ्यासारखे जे इकडे आले त्यांनी ती माझ्या तोंडून ऐकली, आणि मी ती दर वेळी जरा वाढवूनच सांगितली.

सोलापुरात मी उतरलो तो गिरणीच्या भोंग्याने दचकून. जुन्या पेठेत रहिमतचाचाचे दोऱ्या-बारदानाचे दुकान होते. दुकान म्हणजे रस्त्याच्या कडेचा एक ओटा, वर पत्रा, आणि टांगलेले कासरे, चऱ्हाटे, जुवाचे पट्टे. त्या ओट्यावर मी पहिली रात्र झोपलो आणि मग कितीतरी वर्षे तिथलाच झालो. माझे नाव बसप्पा. पण चाचाने मला कधी नावाने हाक मारली नाही. "क्या रे दुधनी," असेच म्हणायचा. पुढे मी धान्याची अडत घातली तेव्हा पोती त्याच्याकडूनच घेऊ लागलो. त्यांचा भाव आम्ही त्याच्या गमछ्याखाली ठरवायचो. सौदा घटकेचा, पण आम्ही तो अर्धी दुपार चालवायचो. मध्येच तो हात झटकून म्हणायचा, "हाथ है के चूल्हा रे तेरा? रोटी सेकूँ क्या इसपे?" भोवतीचे गाडीवान हसायचे. दुसरा कोणी असे म्हणाला असता तर मी त्याची गचांडी धरली असती.

त्याचे गिऱ्हाईक म्हणजे हे गाडीवान. वळसंगचे, अक्कलकोटकडचे, आमच्या बाजूचे. गाडीतून न उतरता, बैल उभे करून, वरूनच कासरा ओढून पाहायचे आणि घ्यायचे.

पण पेठ मरत चालली होती. प्लेगात माणसे उठली ती पुन्हा सगळी आली नाहीत. मोठे व्यापारी स्टेशनाकडे सरकले. आमच्या बोळात गटार तुंबलेले, निम्म्या दुकानांना कुलपे. तेव्हा म्युनिसिपालिटीने ठरवले की जुनी रांग पाडायची, रस्ता रुंद करायचा, पक्की मंडई बांधायची आणि विजेचे दिवे लावायचे. जुन्या ओटेवाल्यांना नवे गाळे मिळणार होते. पण कसे, कुठे, कोणत्या अटीवर, हे बोलायला आमच्यातला एक माणूस हवा होता. सगळ्यांनी माझे नाव घेतले. घासाघीस करावी तर बसप्पाने, असे माझे नाव झाले होते, आणि मला ते आवडत होते.

निघताना चाचा म्हणाला, "दुधनी, मेरेकू गाळा कोनेमें दे, पीछे दे, किधर भी दे. बस, गाडी मेरे दरवाजे तक आनी होना."

"एवढंच?" मी म्हणालो. "हे तर मी बसायच्या आधी मागून घेतो."

कमिटीच्या खोलीत मी चांगला भांडलो. ओट्यांची जागा जोत्याच्या गाळ्यांनी भरून द्या, हे मिळवले. पुढे पडवी मिळवली, पत्र्याऐवजी कौले मिळवली. कमिटीवाले गाड्यांवर अडून बसले होते. नव्या रस्त्यावर शेण नको, बैल नकोत, मोटारी येणार आहेत, असे त्यांचे म्हणणे. मी म्हणालो, पेठ गाडीवर जगते, गाडी बंद तर पेठ कशाला बांधता? तीन-चार वेळा उठून दारापर्यंत गेलो आणि परत आलो. हीही आमच्या धंद्यातली रीतच. ते नरम पडत होते. तोंडी का होईना, सकाळच्या वेळी गाड्या सोडू, इथवर आले होते.

तेवढ्यात एक तरुण वकील कागदावरून मान वर करून हसत म्हणाला, "शेठजी, वकिली चांगली करता, पण बोलणं अजून गाडीवानाचं आहे हो तुमचं."

बाकीचेही हसले. त्यात दुष्टपणा नसेलही. पण माझ्या अंगात मलमली सदरा होता, डोक्यावर नवा रुमाल होता, आणि तरी त्या माणसाने मला ओळखले होते. माझे कान तापले. "गाड्यांचं मला काय कौतुक?" मी म्हणालो. "नकोत तर नकोत. पार साखळी घाला रस्त्याला."

लेखनिकाने ते लिहूनही घेतले.

बाहेर लोकांनी मला हार घातला. सगळ्यांना हवे ते मिळाले होते. गाड्यांचे मी चाचाला सांगितले तेव्हा तो दोरी वळत होता. त्याने फक्त विचारले, "तेरेकू आखिरतक देते नई बोले क्या?" मी हो म्हणालो. ते खोटे होते. पण त्याने मान डोलावली आणि वळत राहिला.

पेठ उभी राहिली ती पाहण्यासारखी. संध्याकाळी दिवे लागले की बायका सहज हिंडायला येऊ लागल्या. कापडवाले परत आले, चहाची दोन दुकाने झाली, बंद दुकानांची कुलपे निघाली. हे माझ्यामुळे झाले, असे लोक म्हणतात, आणि तेवढे खरेही आहे. रस्त्याच्या तोंडाशी दोन दगडी खांब आहेत आणि त्यांत लोखंडी साखळी. बैलगाडीने तिथेच थांबायचे.

त्याच वर्षी मल्लूअण्णा ज्वारी घेऊन आला. अप्पा गेल्यानंतर पहिल्यांदाच. मी जोत्यावर उभा होतो. शिपायाने त्याची गाडी साखळीशी अडवली. अण्णाने हुज्जत घातली नाही. पोते पाठीवर घेतले आणि त्या उजळ रस्त्यावरून, कापड घ्यायला आलेल्या माणसांतून, वाकत वाकत माझ्या पायऱ्यांपाशी आला. पोते टेकवून घाम पुसला आणि म्हणाला, "एवढं मोठं दुकान तुझं, बसू, आन् भावाची गाडी दारात येत न्हाय व्हय रे?"

मी म्हणालो, "म्युनिसिपालिटीचा कायदा हाय, अण्णा."

"असंल की," तो म्हणाला आणि दुसरे पोते आणायला वळला. मी खाली उतरलो नाही. कमिटीतला तो वकील समोरच्या पडवीत उभा होता.

चाचाने नव्या गाळ्यात काही महिने काढले. जोते उंच, गाडी नाही, आणि कासरा घ्यायला पायऱ्या चढून कोण येणार? गाळा त्याने एका घड्याळवाल्याला दिला आणि साखळीपलीकडे गाडीतळावर एका लिंबाखाली गोणपाट अंथरून बसला. आज तो तिथेच आहे. त्याने मला कधी बोल लावला नाही. लावला असता तर मी भांडलो असतो, आणि भांडण मला जमते.

परवा पोती घ्यायला मी स्वतः गेलो. त्याच्यासमोर बसलो आणि सवयीने उपरणे पसरून हात पुढे केला. चाचाने उपरण्याकडे पाहिले, मग माझ्याकडे, आणि पोत्याचा भाव तोंडाने सांगितला. स्पष्ट, चारचौघांत, वाटेवरच्या गिऱ्हाइकाला सांगतात तसा. भाव योग्य होता. मी ऐकून घेतला आणि पोती उचलायला हमाल बोलावला.

तुम्ही विचारता, आता तुझे घर कुठले, दुधनी की सोलापूर? इतकी वर्षे मी म्हणत आलो की गावाने मला घालवले आणि या शहराने मला घेतले. परवा त्या लिंबाखाली माझा हात उपरण्याखाली तसाच रिकामा राहिला, तेव्हा मला स्टेशन आठवले. अप्पांनी मला घालवताना माझा तापलेला हात हातात तरी घेतला होता.