जिन्याची गरज नाही

सकाळी सहाला दार वाजलं. उघडलं तर नागराजअण्णा. एका हातात ट्रंक, काखेत अंथरुणाची वळकटी, आणि मागे त्यांची सत्तरीची अम्मा. तिच्या हातात कॉफीचा फिल्टर.

"राव, आम्ही निघालो," अण्णा म्हणाले. "दहाची गाडी आहे."

बंगलोरात आम्हा मराठी माणसांना सगळे 'राव'च म्हणतात. मी चामराजपेटेत वाढलेला, त्यामुळे घरात मराठी, दाराबाहेर कन्नड आणि ऑफिसात इंग्रजी. अण्णांशी बोलणं कन्नडमध्येच व्हायचं, इथं मराठीत देतो. पण हे दार काही बंगलोरातलं नव्हतं. आमच्या सरकारी कारखान्यानं साठ सालच्या पुढेमागे गंगेच्या मैदानातल्या एका छोट्या गावाबाहेर नवं युनिट काढलं होतं. बंगलोरहून तिथं पोचायला तीन दिवस लागायचे, आणि पोचल्यावर परत फिरावंसं वाटायला तीन मिनिटं.

अण्णा टूलरूमचे फोरमन. टूलरूम म्हणजे जिथं बाकीच्या मशिनांची हत्यारं आणि साचे तयार होतात ती जागा. तिथला फोरमन गेला की अख्खा कारखाना माशा मारत बसणार. शिवाय बंगलोरहून चाळीस कुटुंबं आणली होती. अण्णांची ट्रंक टांग्यात चढली असती, तर संध्याकाळपर्यंत उरलेली एकोणचाळीस स्टेशनवर दिसली असती.

"अण्णा, झालं काय?"

"अम्मा चौदा दिवस झोपलेली नाही. ती झोपत नाही म्हणून मी झोपत नाही. काल मशीनवर डुलकी लागली, बोट थोडक्यात वाचलं. आता बस्स."

झोप का नाही, ते मला विचारायची गरज नव्हती. त्या क्वार्टर्सचा नकाशा मीच काढला होता.

आता माझा पराक्रम सांगतो. मी ड्रॉइंग ऑफिसात असिस्टंट इंजिनियर. टाउनशिपची जागा बघायला मला पाठवलं ते नेमकं पौषात. सकाळी दहापर्यंत धुकं, हातात आल्याचा चहा, शेतात मटार, आणि चार वाजता असं गोड ऊन की उठावंसं वाटू नये. मी खूश. परत येऊन झोकात रिपोर्ट लिहिला: हवा थंड, बंगलोरपेक्षाही थंड, ऊन मिळावं म्हणून पश्चिमेला मोठ्या खिडक्या ठेवाव्यात. बाकी डिझाइन आमच्या बंगलोरच्या क्वार्टर्सचंच घेतलं. याला टाइप डिझाइन म्हणतात. एकदा नकाशा काढायचा आणि देशभर तोच छापायचा, कपाळावरच्या शिक्क्यासारखा.

बंगलोरच्या त्या क्वार्टर्सना वर सपाट स्लॅब होता, पण वर जायला जिना नव्हता. वर जातंय कोण? छताला पंख्याचं हूकही नव्हतं. त्या काळी बंगलोरात पंखा असायचा तो दवाखान्यात नाहीतर मोठ्या साहेबाच्या ऑफिसात. घरात पंखा लावला तर शेजारी विचारायचे, कोणी आजारी आहे का म्हणून.

कुटुंबं तिथं उतरली वैशाखात. मीही होतो. क्वार्टर्सच्या तक्रारी संपेपर्यंत तिथंच राहायचं, अशी ऑर्डर. सौभाग्यवती कुसुमही आली, स्वेटर विणायची लोकर घेऊन. ती पिशवी तिनं पुढे वर्षभर माझ्या डोळ्यांसमोर खुंटीला टांगून ठेवली होती, बोलली मात्र एक अक्षर नाही.

दुपारी लू सुटायची. लू म्हणजे तिकडचा उन्हाळी वारा. भट्टीचं दार उघडल्यावर तोंडावर येतं ना, तसं. ती माझ्या पश्चिमेच्या खिडक्यांतून सरळ स्वयंपाकघरापर्यंत यायची. खिडकी लावावी तर आत शिजा, उघडावी तर भाजा. टेबलफॅन गावात दोनच, एक डॉक्टरांकडे आणि एक सिनेमाच्या तिकीटखिडकीत. बाहेर खाट टाकावी तर जमीन नुकतीच साफ केलेली, पहिल्या आठवड्यातच तीन विंचू निघाले.

गावातले लोक काय करत होते? सूर्य बुडाला की गच्चीवर पाणी शिंपडून, खाटा टाकून गाढ झोपत होते. शेकडो वर्षं हेच करत होते. हे पौषात कोणी सांगत नाही, आणि मी विचारलं नव्हतं.

एके दिवशी मी साइटवरच्या रामदीन मिस्त्रीवर भडकलो. हा तिथलाच माणूस, पन्नाशीचा, त्याच्याच हाताखाली ही घरं उभी राहिली.

"मिस्त्री, तुम तो यहाँ के हो! पूछना नहीं था?"

रामदीननं पत्र्याच्या पेटीतून तीन कागद काढले. साइटवर नकाशातलं काही कळलं नाही की ड्रॉइंग ऑफिसला लेखी प्रश्न पाठवतात, त्याला आम्ही क्वेरी म्हणतो. पहिली क्वेरी: छतावर जायचा जिना नकाशात दिसत नाही. खाली उत्तर: नॉट रिक्वायर्ड. दुसरी: पंख्याचं हूक राहिलंय. हे हूक स्लॅबचं काँक्रीट ओतण्याआधी आतल्या सळईला अडकवावं लागतं. नंतर आठवलं तर स्लॅब फोडा. उत्तर: नॉट रिक्वायर्ड. तिसरी: साहेब, जिना नक्की नको ना? उत्तर: आधीचं उत्तर वाचा.

तिन्ही उत्तरं माझ्या अक्षरात, वळणदार. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"साहब, हमने सोचा बंगलोर में लोग उड़ के जाते होंगे," रामदीन म्हणाला. त्याचा चेहरा इतका गंभीर की हसताही येईना.

तात्पुरता उपाय त्यानंच काढला. बांधकामाच्या दहा बांबूच्या शिड्या होत्या, त्या चार घरांत एक अशा वाटून दिल्या. संध्याकाळी आळीपाळीनं चढायचं, सकाळी आळीपाळीनं उतरायचं. बायका पदर खोचून गाद्या डोक्यावर घेऊन चढायला लागल्या. स्लॅबला कठडा नव्हता, म्हणून पोरांचा पाय साडीच्या काठानं खाटेला बांधायचा. एवढं करून वर गेलं की वारा लागायचा आणि माणूस जिवंत व्हायचा.

पण अम्माचे गुडघे. शिडीची दुसरी पायरी काही तिला चढता येईना. ती खाली ओलं फडकं डोक्यावर घेऊन बसायची, "स्वल्प गाळी बेकप्पा," थोडा वारा हवा रे बाबा, म्हणत. आई खाली असताना मुलगा कसा वर जाईल? म्हणून ती ट्रंक आणि तो फिल्टर.

"आठ दिवस द्या," मी अण्णांना म्हटलं. "आठ दिवसांत पक्का जिना. अम्मा, तुमचे पाय धरतो."

"पाय धरू नकोस, ते आधीच दुखतायत," अम्मा म्हणाली.

अण्णांनी ट्रंक खाली ठेवली, पण उघडली नाही. व्हरांड्यात तशीच दोरी बांधून ठेवली, मला येताजाता दिसेल अशी.

विटा साइटवर पडून होत्या. रामदीन म्हणाला, चार दिवसांत बाहेरून जिना चढवतो. पण सँक्शनशिवाय, म्हणजे वरच्या लेखी मंजुरीशिवाय, सरकारी घराला वीट लावणं हा गुन्हा. बंगलोरला तार केली. उत्तर आलं: बंगलोरच्या क्वार्टर्सना जिना नाही, तरी तक्रार नाही. जिन्याचं जस्टिफिकेशन पाठवा. मी दुसरी तार केली: फोरमन चालला. तेव्हा कुठे हललं. सातव्या दिवशी चीफसाहेब स्वतः आले.

आमचे चीफ इंजिनियर म्हणजे जेवायलाही टाय लावून बसणारा माणूस. भर ज्येष्ठात स्टेशनवर उतरले ते लोकरी कोट घालून. मी बघतच राहिलो.

"सर, कोट?"

"तुमचाच रिपोर्ट वाचून आलोय," ते म्हणाले. "बंगलोरपेक्षाही थंड."

गेस्ट हाऊस अजून पायापर्यंतच आलं होतं, म्हणून मुक्काम माझ्याकडे. कुसुमनं कैरीचं पन्हं दिलं. साहेबांनी टाय सैल केला. मग काढला. मग कोट, मग बूट. साडेपाचला माझ्या पश्चिमेच्या खिडकीतून ऊन थेट त्यांच्या मांडीवर आलं.

"खिडकी बंद करा."

केली.

"उघडा, उघडा! पंखा कुठाय?"

"सर, हूक नाही."

"का नाही?"

मी पन्ह्याचा तांब्या भरायला आत गेलो.

अंधार पडायच्या आत आम्ही त्यांना शिडीनं वर चढवलं. मी खालून ढकलत होतो, वरून अण्णा ओढत होते, आणि शिडी कुरकुरत होती. वर खाटेवर पडले, वारा लागला, आणि पाच मिनिटांत घोरायला लागले. मला वाटलं, झालं काम. सकाळी कॉफी पाजून सही घ्यायची.

पहाटे मी कॉफी करायला खाली उतरलो. कॉफी घेऊन बाहेर येतो तो शिडी गायब! वरून आवाज, "अहो राव! शिडी कुठाय?"

पलीकडच्या व्हरांड्यात नागराजअण्णा बसले होते. मांडीवर पेपर, आणि शिडी त्या बांधलेल्या ट्रंकेवर आडवी ठेवलेली.

"अण्णा, शिडी द्या! साहेब वर आहेत!"

"माहीत आहे," अण्णा पान उलटत म्हणाले. "माझ्या अम्माला वर जाता येत नाही, साहेबांना खाली येता येत नाही. आता दोघं सारखे. विचारा त्यांना, जिना लागतो का."

माझ्या अंगाला दरदरून घाम फुटला, आणि तो उन्हाचा नव्हता. माझी नोकरी जाणार, अण्णांची जाणार, शिडी तेवढी राहणार! मी हात जोडले. अण्णांनी चष्मा पुसला. अम्मा दारात उभी राहून वर बघत होती, आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदाच तिच्या चेहऱ्यावर जरा करमणूक झाल्यासारखं दिसत होतं.

तेवढ्यात कारखान्याचा भोंगा झाला. पहिल्या शिफ्टची माणसं आमच्याच रस्त्यानं जायची. चट्ट्यापट्ट्यांचा पायजमा आणि बनियन घातलेले चीफ इंजिनियर स्लॅबच्या कडेला उभे, आणि खालून पन्नास-साठ माणसं एकेक करून मान वर करून म्हणतायत, "गुड मॉर्निंग सर!" साहेब शिस्तीचे. प्रत्येकाला त्यांनी उत्तर दिलं, गुड मॉर्निंग. दुसरी शिडी आणायला मात्र कोणी हललं नाही. सूर्य वर आला होता आणि स्लॅब तापायला लागला होता. साहेब एक पाय उचलून दुसऱ्यावर ठेवायला लागले.

"राव!" ते वरून गरजले. "लिहून घ्या! चाळीसही क्वार्टर्सना बाहेरून जिना. कठड्यासकट. ताबडतोब."

"सर, जस्टिफिकेशन काय लिहू?"

त्यांनी माझ्याकडे जे पाहिलं ते मी आजही विसरलो नाही.

कागद लिहिला, पण वर पोचवायचा कसा? कुसुम घरातून कपडे वाळत घालायची काठी घेऊन आली. काठीच्या टोकाला कागद आणि पेन बांधून तिनं वर धरलं. साहेबांनी उकिडवं बसून सही केली. काठी खाली आली, अण्णांनी सही नीट वाचली, तारीख बघितली, आणि शिडी आणून स्वतःच्या हातानं लावली. साहेब उतरेपर्यंत दोन्ही हातांनी घट्ट धरूनही ठेवली.

खाली आल्यावर साहेब अण्णांसमोर थांबले. आता काय होतंय म्हणून मी डोळे मिटले.

"फोरमन," साहेब म्हणाले, "पहिला जिना तुमच्या घराला."

त्यांनी अण्णांवर कारवाई केली नाही. करायची तर कारण लिहावं लागलं असतं, आणि कारणात आपण पायजम्यात कुठे होतो तेही. साहेब हुशार होते.

रामदीननं शब्द पाळला. चौथ्या दिवशी अम्मा जिन्यानं वर निघाली. एका हाताला कठडा, दुसऱ्या हाताला मी. दर पायरीला थांबायची, श्वास घ्यायची. पायऱ्या रामदीननं बुटक्या ठेवल्या होत्या, नकाशात नसताना, तिच्या गुडघ्यांसाठी म्हणून. वर पोचल्यावर ती खाटेवर बसली आणि तोंडावर वारा घेतला. मला वाटलं, आता म्हातारी आशीर्वाद देणार.

"इदन्न मोदले माडबेकित्तल्लप्पा," ती म्हणाली. हे आधीच करायला हवं होतं ना, बाबा.

अण्णांनी ट्रंकेची दोरी सोडली. ती दोरी पुढे गच्चीवर कपडे वाळत घालायला लागली. अण्णा तिथं नऊ वर्षं राहिले. अम्मा तर इतकी रुळली की बंगलोरला लग्नाकार्याला गेली की चार दिवसांत कुरकुर सुरू, इथं झोप येत नाही, वारा नाही.

मी वर्षानं बंगलोरला परत आलो. ड्रॉइंग ऑफिसात पुढची बत्तीस वर्षं काढली, आणि 'नॉट रिक्वायर्ड' हे दोन शब्द पुन्हा कधी लिहिले नाहीत. पुढच्याच टाउनशिपला मला राजस्थानच्या बाजूला धाडलं, तेव्हा नकाशाची गुंडाळी सोडायच्या आधी मी तिथल्या मिस्त्रीला जवळ बसवलं आणि अगदी मुद्द्याचं विचारलं, "मिस्त्रीजी, गर्मी में यहाँ लोग सोते कहाँ हैं?"

त्यानं माझ्याकडे जरा काळजीनं पाहिलं.

"खाट पर, साहब," तो म्हणाला. "आपके यहाँ कहाँ सोते हैं?"