हानेकेची शब्दांची यादी

हानेकेनं बारा वर्षं जमवलेली शब्दांची यादी मी एका दुपारी डिलीट केली, आणि वर खुशीत चहा करून घेतला.

इंग्लंडमधल्या मिल्टन कीन्समधलं आमचं छोटं ऑफिस, दोन हजार चार-पाचचा सुमार. ओळीत न मावणारा शब्द योग्य जागी तोडणं, हे आमच्या सॉफ्टवेअरचं काम. डचमध्ये ते अवघड. तिथे आपल्या समासासारखे शब्द जोडत जातात, कितीही लांब. ‘आवोंड’ म्हणजे संध्याकाळ, ‘एटन’ म्हणजे जेवण. तोडायचं तर ‘आवोंड-एटन’. कोड मात्र अक्षरं मोजून ‘आवोन-डेटन’ करायचा. म्हणून आमची डच प्रूफरीडर हानेके असे शब्द हातानं यादीत घालायची. कोड आधी यादी बघायचा.

शाळेत समास सोडवण्यात माझा हात धरणारं कुणी नव्हतं. त्या तोऱ्यात मी नवा नियम लिहिला. माझ्या कोडला कुबड्या कशाला? यादी उडवली. बॅकअपनं मशीन स्लो होतं म्हणून तोही मीच बंद करवला होता. हुशारच ना मी!

सोमवारी एका डच पुस्तकाची टेस्ट प्रिंट आली. पानोपानी मोडके शब्द.

मॅनेजर कीथ म्हणाला, “शुक्रवारी हे शाळेचं पुस्तक प्रेसला जायचंय. नाही गेलं तर क्लायंट गेला आणि तूही. वर्क परमिटचं मग तुझं तू बघ.”

हानेकेला सांगितलं. तिनं चष्मा काढून बराच वेळ पुसला. महिनाअखेरीला ती रिटायर होणार होती.

“ती टेस्ट प्रिंट घे. बाहेर चल,” एवढंच म्हणाली.

सायकलींच्या लाल रस्त्याकडेच्या बाकावर आम्ही तीन दिवस बसलो. मी लांबलचक शब्द वाचायचे. ती डोळे मिटून ऐकायची, जोड आला की बोट उचलायची. मी तिथे रेघ मारायचे. अर्थ काही कळत नव्हता. सायकली सुळकन जायच्या, झाडं सळसळायची, ऊन पानांवरून सरकायचं. तिसऱ्या दुपारी कधीतरी तिचं बोट उचलण्याआधीच माझी पेन्सिल थांबायला लागली. शब्द कुठे श्वास घेतो ते ऐकू येत होतं. मला वाटलं, आपल्याला डुलकीच लागलीये.

गुरुवारी सगळं टाइप केलं. पुस्तक गेलं, माझी नोकरी राहिली. पुस्तकात नव्हते ते हजारो शब्द मात्र कायमचे गेले. तेव्हापासून दुसऱ्याच्या फाइलला मी विचारल्याशिवाय हात लावत नाही. नातवंडांच्या चॉकलेटांना हा नियम लागू नाही.

शेवटच्या दिवशी केक कापताना मी पुन्हा सॉरी म्हटलं. हानेके म्हणाली, “अर्धे शब्द मी कामासाठी घेतलेच नव्हते गं, नुसते आवडले म्हणून ठेवले होते. त्यातले दोन तुझ्या त्या भयंकर उच्चारातही ओळखू आले.”