टोपली कुणी धरायची

मालनबाई म्हातारपणी नाचायला शिकली, असं आमच्या मखमलाबादला लोक हसत सांगतात. हसण्यासारखं त्यात काय आहे ते मला अजून कळलेलं नाही.

मी सातपूरला प्रेसशॉपमध्ये नोकरी केली. पत्रा प्रेसखाली सरकवायचा, दाबायचा, काढायचा. निवृत्त झाल्यापासून मंडळाच्या समाजमंदिराची किल्ली माझ्याकडे असते. उघडणं, झाडणं, बंद करणं. त्यामुळे मे महिन्यातलं नृत्य शिबिर मी पहिल्या दिवसापासून पाहिलं. ऐकून सांगणारे फार आहेत. मी पाहिलेलं सांगतो.

मालनबाई माळ्याची. मळा कालव्याच्या कडेला, माझ्या घरामागेच. झेंडू, शेवंती, थोडी मेथी-कोथिंबीर. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली. मुलगा कुंदन टेम्पो चालवतो. फुलं खुडणं आणि फुलबाजारात टोपली घेऊन उभं राहणं, ही दोन्ही कामं तिचीच.

तिच्या थोरल्या जावेच्या, भागुबाईच्या, मुलाची हळद होती. मीही होतो. डीजे लागला, बायका नाचायला लागल्या. मालनबाईने पदर खोचला आणि पुढे झाली. भागुबाईने तिचा दंड धरला.

"मालन, तू नको बाई. बरं दिसत नाही. तू इथं बस, आमच्या पर्सा धर."

विधवेने हळदीत नाचू नये, एवढंच म्हणायचं होतं. ते सरळ म्हटलं असतं तरी चाललं असतं. मालनबाई खुर्चीवर बसली. मांडीवर पर्सांचा ढीग, वर मोबाईल. त्यातला एखादा वाजायचा, मग ही तो उचलून हाका मारायची आणि डीजेत कुणाला ऐकू जायचं नाही.

घरी जाताना मला म्हणाली, "केरूभाऊ, पर्सा मांडीवर व्हत्या. खाली पाय नाचतच व्हते."

मे महिन्यात समाजमंदिरावर फ्लेक्स लागला. उन्हाळी नृत्य शिबिर, सर्वांसाठी खुले, वयाची अट नाही. शेवटी ग्राउंडवर कार्यक्रम. मालनबाई बाजारातून येताना फ्लेक्सखाली थांबली.

"हे खरं हाय, का नुसतं लिहिलंय?"

"लिहिलंय म्हणजे खरं असायला पाहिजे," मी म्हणालो.

"असायला पाहिजे नका सांगू. हाय का?"

"या आणि बघा."

ती आली. मंडळाचा सेक्रेटरी रविराज दारात नावं घेत होता. शाळेतल्या मुली, सोसायट्यांमधल्या बायका, नोकरीवरून परस्पर आलेल्या काही जणी. मालनबाईला बघून तो म्हणाला, "मावशी, नातीला सोडायला आलात का?"

"नात नाय मला. मीच आले हाय."

रविराज हसला. मुलगा वाईट नाही. पण ज्याला त्याला आपल्या जागी बसवायची त्याला घाई असते.

शिकवायला शुभांगी मॅडम होत्या. आवाज बारीक, पण शिस्त कडक. मला आवडल्या. संबळाच्या ठेक्यावरचा नाच बसवायचा होता. त्यात उभं राहणंच अवघड. दोन पायांत खांद्याएवढं अंतर, गुडघे वाकलेले, अंगाचा भार मधोमध, आणि तसंच राहून पावलं टाकायची. मुली थोड्या वेळात सरळ उभ्या व्हायच्या. मालनबाई गुडघे वाकवून राहायची, कारण वाकणं तिचं रोजचं. हातही पटकन बसले. मान बसली. पाय काही बसेनात. मॅडम पाय लांब करून द्यायच्या. ठेका सुरू झाला की दोन पावलांत ते पुन्हा जवळ यायचे आणि एकापुढे एक पडायला लागायचे.

"मावशी, लाजू नका. पाय मोकळे टाका."

"मी लाजत नाय ओ मॅडम. लाजंची काय गोष्ट हाय?"

"मग जवळ का घेता?"

"मी नाय घेत. तेच येत्यात."

मागच्या मुली खिदळल्या. मालनबाईने मागे वळून त्यांच्याकडे बघितलं आणि पुन्हा पाय लांब केले. ते पुन्हा जवळ आले. रोज असंच. ती सगळ्यांच्या आधी यायची, मी झाडत असताना भिंतीशी उभी राहून पाय टाकायची. कष्टात खोट नव्हती. कष्ट चुकीच्या जागी चालले होते.

शिबिराच्या मध्यात पुण्याचे एक सर आले. याला मास्टरक्लास म्हणतात, असं रविराजने माईकवरून सांगितलं. सभागृह भरलं. सरांनी एकेकीला या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत ठेक्यावर चालायला लावलं. मालनबाईची पाळी आली. सर नीट बघत राहिले.

"तुम्ही दोरीवरून चालल्यासारख्या चालता," ते म्हणाले. "एक पाय दुसऱ्याच्या बरोबर पुढे. अशा पायांवर गिरकी घेतलीत तर पडाल. शेजारचीलाही पाडाल."

आवाज चढवला नाही, थट्टा केली नाही. जे दिसलं ते सांगितलं. मॅडमना बाजूला म्हणाले की कार्यक्रमात यांना रांगेत घेणं धोक्याचं आहे. मॅडमनी मालनबाईला बोलावून तोंडावर सांगितलं, "रंगीत तालमीत शेवटपर्यंत पाय मोकळे राहिले तर तुम्ही रांगेत. नाहीतर नाही. चालेल?"

"चालंल."

हा सरळ सौदा होता. सौदा बिघडवला रविराजने. त्याला कल्पना सुचली.

"मावशींना झेंडूची टोपली देऊ. स्टेजच्या कोपऱ्यात उभ्या राहतील, पाहुणे आले की फुलं उधळतील. अस्सल मातीतलं वाटेल!"

सगळ्यांना कल्पना आवडली. एकीने टाळी वाजवली.

"आणि नाच?" मालनबाईने विचारलं.

"टोपली धरून थोडं डोलायचं की, मावशी."

"टोपली धरून मी बाजारात रोज उभी राहते. त्यासाठी शिबिर कशाला पायजे?"

रविराजला वाटलं, मावशी विनोद करतात.

शिबिर सुटल्यावर मी कुलूप लावायला गेलो तर ती पायरीवर बसून स्वतःच्या पावलांकडे बघत होती.

"दोरी नाय केरूभाऊ. सरी."

मला लगेच समजलं नाही.

"सरीतून चालायचं म्हंजे असंच चालावं लागतं. दोन्ही अंगाला झाडं. पाय जरा बाजूला पडला की फांदी मोडली. लग्न करून आले तव्हा सासू मागून चालायची. झाडाला पाय लागला की घोट्यावर खडा मारायची. नेम लय चांगला व्हता म्हातारीचा." तिने घोटा चोळला. "पायाला अजून वाटतं, बाजूला झाड हाय."

प्रेसवर हात मागे घ्यायला शिकलो, तो माझा हात अजून घरातलं कपाट बंद होतानाही मागे ओढला जातो. मी ते तसंच राहू दिलं. आता या वयात काय, असं म्हणालो. मालनबाई तसं म्हणाली नाही.

त्यानंतर एका सकाळी मी मेथी आणायला मळ्यात गेलो. एका तुकड्यात झेंडू संपला होता. फुलं येऊन गेलेली, खोडं वाळत आलेली, उपटायची तेवढी बाकी. त्या तुकड्यात मालनबाई उभी होती. सरीत नाही. एक पाय या वरंब्यावर, दुसरा त्या वरंब्यावर, झाडांवरच. तोंडाने ठेका धरला होता आणि पाय आपटत पुढे सरकत होती. पायाखाली झेंडू मोडत होता. त्याचा उग्र वास बांधापर्यंत येत होता.

सोपं नव्हतं. मी बराच वेळ बघितलं. डावा पाय उचलला की तो आपोआप झाड टाळून सरीत उतरायचा. ती थांबायची, शिवी द्यायची, मागे जायची आणि तोच पाय त्याच झाडावर आणून ठेवायची. मेलेल्या झाडावरसुद्धा पाय पडत नव्हता. घोट्याला जुन्या लुगड्याची चिंधी बांधलेली होती. म्हणजे पाय मुरगळून झाला होता आणि तरी काम चालू होतं.

कुंदन टेम्पो लावून आला.

"आई! झाडं काय तुडवती?"

"उपटायचीच हायेत."

"मग उपट ना. नाचती काय त्याच्यावर?"

"पायाला समजू दे, मोडलं तरी चालतं म्हणून."

"लोकं बघत्यात. काय म्हणतील?"

"म्हणतील, कुंदनच्या आईनं तुकडा साफ केला. तुला कधीची सांगत व्हते."

कुंदनला हसू आलं, पण त्याने ते दाबलं. माझ्याकडे बघून, मी ऐकतोय हे माहीत असून, तो खालच्या आवाजात म्हणाला, "मोठ्या आईचा फोन आलता. तू स्टेजवर चढली तर त्या पुन्हा आपल्या घरी यायच्या नाहीत म्हणं."

मालनबाईने पाय झाडावर ठेवला. मोडल्याचा आवाज झाला.

"नाय तर नाय. चहा वाचंल."

"आई, चेष्टा नको. भावकी हाय ती."

"मी कुठं चेष्टा करते? भावकीनं मला हळदीत पर्सा धरायला लावल्या, तव्हा तू पण व्हता तिथं. नाचत व्हता."

कुंदन जाऊन टेम्पोत क्रेट भरायला लागला. मी मेथी घेतली.

रोज थोडा थोडा तुकडा आडवा झाला. शेवटी तिथे पायाला अडेल असं काही उरलं नाही. मग ती समाजमंदिरात माझ्या झाडूच्या पुढे-पुढे, फरशीवर तेच करायला लागली. मी हळू झाडायचो. बसायला सांगितलं तर बसायची नाही. पाणी दिलं तर उभ्याने प्यायची.

रंगीत तालमीत पाय शेवटपर्यंत मोकळे राहिले. मॅडम तिच्याच पायांकडे बघत होत्या. गाणं थांबल्यावर त्यांनी कौतुकाचं भाषण केलं नाही. "मावशी, दुसऱ्या रांगेत. गिरकीला उजवीकडून वळायचं. तुम्ही घाईत डावीकडे जाता. लक्षात ठेवा." एवढंच. मालनबाईचं तोंड उजळलं. चूक सांगतात ती रांगेतल्या माणसाला.

"पण मॅडम, टोपलीचं ठरलंय ना," रविराज म्हणाला. "फ्लेक्सवर मावशींचा टोपलीसकट फोटो छापलाय."

"मग फोटोलाच उभा करा," मालनबाई म्हणाली.

कार्यक्रम संध्याकाळी ग्राउंडवर झाला. अर्धं गाव खुर्च्यांवर, बाकीचं कंपाउंडवर. भागुबाई येणार नाही म्हणाली होती. ती पुढच्या खुर्चीत होती, सोबत भावकीतल्या चार बायका. कुंदन मागे टेम्पोला टेकून उभा होता. मी स्टेजच्या बाजूला पडद्याच्या दोरीपाशी होतो.

पाहुणे आले आणि त्याच वेळी दुसरी रांग चढायला निघाली. रविराज धावत आला. अंगात नवं जाकीट, हातात सजवलेली टोपली. ती त्याने मालनबाईच्या हातात कोंबली.

"मावशी, आधी स्वागत. नाचाचं मग बघू."

ती टोपली घेऊन उभी राहिली. पुढच्या मुली चढून गेल्या. तिची जागा रिकामी दिसायला लागली. संबळ सुरू झाला. वरून मॅडम मान लांब करून बघत होत्या. समोर भागुबाई हसली. मला ते दिसलं, म्हणजे मालनबाईलाही दिसलं असणार. बाई रांगेऐवजी टोपलीशी उभी राहिली असती तर गाव सुखाने घरी गेलं असतं.

तिने टोपली परत रविराजच्या छातीशी लावली.

"धरा."

"अहो मावशी, पाहुणे..."

"दोन्ही हातांनी धरा. फुलं सांडतील."

आणि ती चढली.

रविराज टोपली घेऊन स्टेजच्या कोपऱ्यात अडकला. पुढे जावं तर नाच चाललेला, मागे यावं तर पाहुणे बघतायत. तो संपूर्ण गाणं तिथेच उभा राहिला. थोडा डोललाही.

मालनबाई सगळ्यांत चांगली नाचली असं मी लिहिणार नाही. तिच्यापेक्षा चांगल्या मुली होत्या. गुडघे मात्र तिच्याइतके कुणाचेच वाकलेले नव्हते, आणि ते शेवटपर्यंत वर आले नाहीत. माझं आयुष्य कामात गेलं. कोण मन लावून करतंय आणि कोण दाखवायला करतंय, एवढं मला कळतं.

गिरकी आली आणि ती डावीकडे वळली. शेजारच्या मुलीला तिचा खांदा लागला. धक्क्यासरशी दोन्ही पाय जवळ आले. एकापुढे एक. सरीत उभी राहावी तशी. पुढच्या रांगेतून कुणीतरी "अगं बाई!" म्हणालं. ठेका पुढे चालला होता आणि ती थांबली होती.

मग तिने डावा पाय बाजूला आपटला. स्टेजची फळी वाजली ती मला दोरीपाशी हातात जाणवली. तिने उरलेला नाच तसाच, पाय मोकळे टाकून, पूर्ण केला. टाळ्या सगळ्यांसाठी झाल्या. मागून टेम्पोचा हॉर्न वाजला. तो कुणी वाजवला हे मी विचारलं नाही.

ती खाली उतरली आणि शेवटच्या पायरीवर बसून घोट्याची चिंधी सोडायला लागली. घाम हनुवटीवरून टपकत होता. भागुबाई तिच्यासमोर येऊन उभी राहिली. मागे भावकीतल्या बायका.

"मालन, एवढ्या माणसांत लाज नाही वाटली तुला?"

मालनबाईने चिंधी सोडवली, झटकली, घडी केली.

"वाटली ना अक्का," ती म्हणाली. "गिरकी चुकले तव्हा."